मकबूलभाईंचा बर्गर, वाटाण्याचा खिमा

हुस्नबानू शेख यांनी तो खिमा धुतला, ही पहिली चूक.

येरवड्यातल्या त्यांच्या घरात कोणताही खिमा धुतल्याशिवाय मसाल्यात जात नाही. बारीक जाळीच्या चाळणीत घ्यायचा, नळाखाली धरायचा, बोटांनी हलकेच फिरवायचा आणि खालचं पाणी स्वच्छ दिसू लागलं की चाळणी तिरकी ठेवून निथळू द्यायचा. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी त्यांना दिलेलं हे पहिलं काम. तेव्हापासून त्यांनी किती खिमा धुतला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मुलाने, शहेजादने, आणलेलं गोठवलेलं पाकीट वितळल्यावर त्यांनी तेच केलं. पाणी लाल झालं. मग गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं. खिमा मात्र कमी कमी होत गेला. शेवटी चाळणीत जे उरलं ते भिजलेल्या भुशासारखं दिसत होतं.

सून अफशीन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"अम्मी, ते धुवायचं नसतं. वाटाण्याचं आहे ते. रंग बिटाचा आहे."

"मग? वाटाणे तू न धुता शिजवतेस?"

अफशीन हसू आवरायला बाहेर गेली. हुस्नबानूंनी चाळणी सिंकमध्ये उपडी केली आणि शहेजादला फोन लावून आणखी एक पाकीट आणायला सांगितलं. काय झालं ते सांगितलं नाही.

पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हा खिमा वनस्पतीजन्य आहे आणि कोणालाही फरक कळणार नाही. आत वाटाणा आणि सोयाबीनमधली प्रथिनं, खोबरेल तेल, बिटाचा रंग आणि वाचताना जीभ अडखळेल अशी काही नावं. ज्याची जागा या खिम्याने घ्यायची होती, तो खिमा बड्याचा होता. बड्याचं म्हणजे मोठ्या जनावराचं. एकेकाळी बैलाचं, आता म्हशीचं. आणि तो खिमा ज्यात जायचा, तो बर्गर हुस्नबानूंचे पती मकबूल शेख यांचा होता.

मकबूलभाई कॅम्पात वाढले. तरुणपणी ते एका बेकरीचे बन सायकलवरून हॉटेलांना पोहोचवत. कोरेगाव पार्कातल्या आश्रमात तेव्हा परदेशी माणसांची वर्दळ असायची. सैल, तांबूस कपडे घातलेली ती मंडळी दुपारी मेन स्ट्रीटवर यायची आणि हॉटेलात बसून हॅम्बर्गर मागायची. हॉटेलवाल्यांना हा पदार्थ माहीत नव्हता. एका जर्मन बाईने बन पोहोचवायला आलेल्या मकबूलभाईंच्याच टोपलीतून एक बन उचलला, मधून फाडला आणि हाताच्या खुणांनी दाखवलं की इथे, मध्ये, असं गोल आणि सपाट मांस हवं. त्या दिवशी घरी आल्यावर नवरा-बायकोत झालेलं बोलणं हुस्नबानू आजही जसंच्या तसं सांगतात.

"बनमध्ये कबाब घालायचा. पण सपाट."

"म्हणजे कबाबच की."

"कबाब नाही म्हणायचं. बर्गर म्हणायचं."

"मग दोन आणे जास्त घ्या."

आणे चलनातून जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण हुस्नबानूंच्या माहेरी भाव आण्यातच सांगत.

मकबूलभाईंनी एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा भाड्याने घेतली. एक तवा, एक फळी, मागे बसायला एक स्टूल. वरच्या मजल्यावरचं माणूस जिना उतरू लागलं की तव्यावर धूळ पडायची, म्हणून डोक्यावर पत्रा ठोकला. पाटीवर 'मकबूल बर्गर' एवढंच. टिक्की घरून यायची. हुस्नबानू पहाटेच खिमा वाटायला घेत. आलं, लसूण, हिरवी मिरची, भाजलेली चणाडाळ, थोडी कच्ची पपई. पपईने मांस नरम होतं. टिक्क्यांच्या थरांमध्ये बेकरीतून आणलेले बटर पेपरचे तुकडे घालून डबा भरायचा. डबा गेला की त्यांचं काम संपलं. दुकानावर त्या फारशा कधी गेल्या नाहीत. तिथे उभं राहायलाही जागा नव्हती.

तव्यावर टिक्की टाकली की तिची चरबी सुटायची. मकबूलभाई टिक्की बाजूला सरकवून बन त्या चरबीत पालथा घालत आणि वरून उलथण्याने दाबत. बनची आतली बाजू तांबूस, कडक व्हायची. कांदा, पुदिन्याची चटणी, बस. सॉस मागणाऱ्याला ते सॉस देत. पण देताना त्याच्याकडे असं बघत की पुढच्या वेळी तो मागत नसे. संध्याकाळी लष्करी कार्यालयांतले कारकून असत, रविवारी चर्चमधून परतणारी कुटुंबं असत. पारशी बायका गाडीत बसूनच पार्सल मागवत. आणि पेठांतून येणारे असत. ते दुचाकी दुसऱ्या गल्लीत लावून चालत यायचे आणि रस्त्याकडे पाठ करून खायचे. मकबूलभाई त्यांना 'पाठवाले' म्हणत.

या पाठवाल्यांमध्ये ज्ञानदेव फुलसुंदर हे सर्वांत जुने. राहणार सदाशिव पेठ, नोकरी कॅम्पातल्या एका सरकारी लेखा कार्यालयात. पत्नी दुर्गाबाई माळकरी. घरात अंड्याचं कवचसुद्धा कधी आलेलं नाही. आठवड्यातून एकदा, ऑफिस सुटल्यावर, ज्ञानदेव जिन्याखाली येत, टाय खांद्यावर टाकत, बर्गर खात, मूठभर बडीशेप तोंडात टाकत आणि वास उडावा म्हणून तोंड उघडं ठेवून लक्ष्मी रस्त्यापर्यंत लुना चालवत. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, हे गृहस्थ गात आहेत.

"फुलसुंदरसाहेब, घरी सांगून टाका एकदा," मकबूलभाई म्हणत.

"सांगितलं तर मग इथं येण्यात काय राहिलं?" ज्ञानदेव म्हणत.

२०१५ साली राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. गाईवर ती आधीपासून होतीच. मकबूलभाईंनी म्हशीचा खिमा घ्यायला सुरुवात केली. म्हशीचं मांस अधिक गडद, रेषा जाड. हुस्नबानूंनी पपई वाढवली, डाळ कमी केली. पाटी तीच राहिली. पण पहिले काही आठवडे मकबूलभाई येणाऱ्या प्रत्येकाला बन हातात देण्याआधी सांगत, "आता हे म्हशीचं आहे. चालेल ना?" कोणी ओळखीचं असो, नसो. काही जण म्हणाले, चव बदलली. काही म्हणाले, सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. ज्ञानदेव म्हणाले, "मकबूलभाई, मला न सांगता दिलं असतं तरी मी खाल्लं असतं."

"म्हणून तर सांगितलं," मकबूलभाई म्हणाले.

टाळेबंदीत जिन्याखालचा तवा थंड झाला. पुढे पुन्हा सुरू झाला खरा, पण कारकून घरून काम करू लागले होते आणि परदेशी माणसं तर केव्हाच यायची थांबली होती. खिम्याचीही खात्री राहिली नाही. कधी मांसाची गाडी रस्त्यात कागद तपासायला अडवली जायची, मग खाटीक हात वर करायचा आणि डबा अर्धाच भरायचा. रज्जब महिन्यात, हिवाळा संपता संपता, मकबूलभाई दुपारच्या झोपेतून उठले नाहीत. शहेजादने दुकान चालू ठेवलं. गेल्या पावसाळ्यात पालिकेने इमारत धोकादायक ठरवली आणि भाडेकरूंबरोबर जिन्याखालचा तवाही बाहेर आला. तो सध्या येरवड्यातल्या घराच्या गच्चीवर कुंड्यांशेजारी आहे.

शहेजादला जागा मिळाली ती वाघोलीत. नगर रस्त्यालगत कॉलेजं, नव्या सोसायट्या आणि त्यांच्या मध्ये पत्र्याच्या छपराचं एक फूड कोर्ट. मालकाची अट होती: कोंबडी चालेल, बड्याचं नको. आसपासच्या सोसायट्यांकडून तक्रारी येतात. कोंबडीचा बर्गर विकणारे तिथे आधीच बरेच होते. शहेजाद चौकशी करत फिरला आणि हे पाकीट घेऊन आला.

"अम्मी, याचाच बर्गर करायचा. अब्बांच्या नावाने. मसाला तुझा."

"जनावर नाही, आणि अब्बांचं नाव?"

"अब्बांनीही बदललंच ना? बैलाचं सोडून म्हशीचं केलं."

"त्यांनी जनावर बदललं. काढून नाही टाकलं."

शहेजाद मध्यम वयाचा, शांत डोक्याचा माणूस आहे. आईशी वाद घालण्यात वेळ जातो एवढंच, हे त्याला माहीत आहे. त्याने सरळ सांगितलं: वाघोलीतच एका गोडाऊनमध्ये देखरेखीची नोकरी मिळते आहे. फूड कोर्टवाला अब्बांच्या बरसीपर्यंत जागा राखून ठेवणार आहे. तोवर आईने या खिम्याला हो म्हटलं तर दुकान. नाही म्हटलं तर तो नोकरी धरणार. "मग अब्बांचा बर्गर संपला, असं समज. माझी तक्रार नाही."

म्हणजे निर्णय हुस्नबानूंवर आला. तो इतकी वर्षं त्यांच्यावर कधीच आला नव्हता. काय विकायचं, कोणाला, काय सांगून, हे सगळं जिन्याखाली ठरायचं. त्यांच्याकडे फक्त डबा होता. आता जिनाही नव्हता आणि ठरवणारेही नव्हते.

पहिला खिमा नळाने नेला. दुसरा त्यांनी न धुता घेतला. पण बिस्मिल्ला म्हणून हात घातला तो सवयीने पपईसकट. नरम करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. टिक्की तव्यावर पसरली आणि पिठल्यासारखी झाली. अफशीनने ती चमच्याने काढून मुलांच्या पोळीला लावली. मुलांनी मागून खाल्ली. "हे तरी जमलं," हुस्नबानू म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी पपई गेली आणि मसाला निम्म्यावर आला. मांस मसाला पितं, हे तसंच बाहेर सोडून देत होतं. वासाचा प्रश्न उरला. खोबरेल तेल तव्यावर वितळून नाहीसं व्हायचं, बन शेकायला मागे काही राहत नव्हतं. अफशीनने सुचवलं, बनला लोणी लावू या. वासासाठी हुस्नबानूंनी कांद्याच्या पाकळीत निखारा ठेवला, त्यावर तूप सोडलं आणि पातेलं झाकून टिक्क्यांना धुरी दिली. शहेजादने दोन बर्गर उभ्याउभ्या संपवले.

"झालं!" तो म्हणाला.

हुस्नबानूंनी एक घास घेतला. सावकाश चावला. त्यांच्या दाढा आता दोनच उरल्या आहेत, त्यामुळे त्यांचं मत यायला वेळ लागतो.

"खाता येतं," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"मला नको विचारू. मी तर दुकानावर उभं राहून कधी खाल्लंच नाही. फुलसुंदरसाहेबांना बोलाव."

ज्ञानदेव आता पंच्याहत्तरीला आले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. शहेजादने फोन लावून आईच्या हातात दिला.

"भाभी, डॉक्टरांनी सगळं बंद केलंय मला."

"वाटाण्याचं आहे, साहेब."

"वाटाण्याचं? मग मला कशाला बोलावताय? वाटाणा मला घरी रोज मिळतो."

"चव आठवते ना तुम्हाला?"

"आता दुसरं काही आठवतच नाही." मग पलीकडे कुजबुज ऐकू आली. "हिला घेऊन आलो तर चालेल का? ही म्हणते, मी पण येते."

हुस्नबानूंना प्रश्न पडला की दुर्गाबाईंना काय काय ठाऊक आहे. सगळं ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली, तेव्हा दुर्गाबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. ज्ञानदेवांनी एकदा छताकडे पाहिलं आणि सांगून टाकलं: आठवड्यातून एक, तीसेक वर्षं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पुढचे काही महिने दुर्गाबाई नवऱ्याशी बोलल्या, पण फक्त गोळ्यांच्या वेळेला.

चाखण्याचा कार्यक्रम वाघोलीतच ठेवला, कारण मांस शिजणाऱ्या घरातलं दुर्गाबाईंना चाललं नसतं. गाळा कोरा होता, तवा बाजारातून नवा आणलेला, त्याला अजून काही लागलेलं नव्हतं. जानेवारीची दुपार, नगर रस्त्याची धूळ आणि शेजारच्या गाळ्यातून मोमोंची वाफ. फुलसुंदर दाम्पत्य सदाशिव पेठेतून रिक्षाने आलं. दुर्गाबाई नऊवारीत नव्हत्या, साध्या सुती पाचवारीत होत्या. गळ्यातली तुळशीची माळ पदरावर नीट दिसेल अशी घेतलेली. त्यांनी आधी तवा पाहिला.

"यावर काही केलेलं नाही ना?"

"नवा आहे, वहिनी. स्टिकरचा डिंक अजून निघायचाय," हुस्नबानू म्हणाल्या.

"आणि पावात अंडं?"

"नाही. बेकरीला विचारून घेतलाय."

"तुम्ही विचारलंत म्हणता तर ठीक आहे. आमच्याकडे काय, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही."

ज्ञानदेवांनी नगर रस्त्याकडे बघायला सुरुवात केली.

शहेजादने टिक्क्या टाकल्या. वास पसरला तसा एक तरुण थांबला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप. शहेजादने त्याला नमुना म्हणून अर्धा बर्गर दिला. त्याचं नाव शुभंकर, गाव यवतमाळकडचं, मागच्याच सोसायटीत तिघांत फ्लॅट.

"काका, एकदम भारी आहे हा. चीज टाकून मिळेल?"

"मिळेल," शहेजाद लगेच म्हणाला.

ज्ञानदेवांना राहवलं नाही. "अहो, पण असलीसारखा लागतो का?"

"असली म्हणजे?"

"बड्याचा."

"मी कधी खाल्लाच नाही, काका. मी आलूटिक्कीवाला खातो. हा त्याच्यापेक्षा खूपच भारी आहे." त्याने बोटं पुसली, दुकान कधीपासून सुरू होणार ते विचारलं आणि फोनवर बोलत निघून गेला. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता. खरं म्हणजे त्याला प्रश्न पडलाच नव्हता.

मग ज्ञानदेवांनी घास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले. हुस्नबानू त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या, शहेजाद आईकडे.

"मसाला भाभींचाच," ते शेवटी म्हणाले. "पुदिना बरोबर आहे. धूरही चांगला आहे." आणि थांबले.

"पुढं?" हुस्नबानूंनी विचारलं.

"पुढं काही येत नाही, भाभी. तिथं घास चावला की नंतर काहीतरी यायचं. आता ते काय ते मला सांगता येत नाही."

"तुम्हाला काहीच सांगता येत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी बर्गर हातात घेतला, सगळ्या बाजूंनी पाहिला आणि छोटासा घास घेतला. मग दुसरा, थोडा मोठा. अर्धा संपवून त्यांनी उरलेला कागदात नीट गुंडाळला.

"चांगलं आहे. मीठ बेताचं आहे. मी घरी घेऊन जाईन." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "पण यासाठी कोणी माणूस बायकोशी तीस वर्षं खोटं बोलेल, असं मला वाटत नाही."

"अगं, हे ते नाही!"

"तेच म्हणतेय मी."

हुस्नबानू आधी हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलतील इतकं हसल्या. मग दुर्गाबाईही हसल्या. ज्ञानदेव हसले नाहीत. त्यांनी आपला बर्गर मात्र पूर्ण संपवला.

परतताना हुस्नबानू शहेजादच्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या. खराडीच्या सिग्नलला त्यांनी मुलाच्या खांद्यावर टकटक केली.

"दुकान सुरू कर."

"खरंच?"

"हो. त्यांचं नाव नको."

शहेजादने स्कूटर कडेला घेतली. "अम्मी, नावावरच तर लोक येणार!"

"वाघोलीत त्या नावाला कोण ओळखतं? तो यवतमाळचा मुलगा?"

"जुने लोक येतील. मी इंटरनेटवर टाकणार आहे."

"म्हणूनच नको. जुने लोक एवढ्या लांब येतील, घास घेतील आणि फुलसुंदरसाहेबांसारखे थांबतील. बदललं तेव्हा तुझे अब्बा काउंटरवर उभे होते. ज्याला त्याला सांगत होते, हे आता म्हशीचं आहे, चालेल ना. आता सांगायला ते नाहीत. त्यांना न विचारता त्यांच्या नावाखाली वाटाणा विकायचा?"

"मग कोणाच्या नावाखाली विकू?"

"मसाला कोणाचा आहे?"

शहेजादने स्कूटर पुन्हा सुरू केली. आईच्या नावाची पाटी करायला दिली तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, हे नाव आतापर्यंत कुठे होतं का? शहेजाद म्हणाला, घरी होतं.

बरसीला, रज्जबच्या त्याच तारखेला, घरात फातेहा असते. वारलेल्या माणसाला जे आवडायचं ते करून मांडायचं, त्याच्यासाठी दुआ पढायची आणि मग ते नातेवाइकांत, शेजारपाजारी वाटायचं. मकबूलभाईंना आपलाच बर्गर आवडायचा. तव्यावरचा शेवटचा, थोडा करपलेला, उभ्याने खाल्लेला. शहेजादच्या मनात होतं की यंदा नवी टिक्की मांडावी. दुकानाला तेवढीच बरकत. हुस्नबानूंनी त्याला कॅम्पात खाटकाकडे पाठवलं आणि म्हशीचा खिमा मागवला. अफशीनला शेजारी बसवून त्यांनी पपई किती, डाळ किती, हे पहिल्यांदाच तोंडाने सांगितलं. सांगताना त्यांनाच दोनदा थांबून हाताकडे बघावं लागलं. टिक्क्या तळल्या, चरबी सुटली, बन त्यात पालथा पडला. घर त्या वासाने भरलं. शेजारचे एक चाचा जिन्यातूनच म्हणाले, "मकबूलमियां आले वाटतं."

ज्ञानदेव दुपारी आले. दुर्गाबाईंनी तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या आणि निरोप दिला होता की हे काही खाणार नाहीत, यांना फक्त वासापुरतं पाठवते आहे. फातेहा झाली, ताटं वाटली गेली. ज्ञानदेव खुर्ची दारात घेऊन बसले, हातात पाण्याचा ग्लास.

"भाभी, म्हणजे आता हे फक्त बरसीला?"

"फक्त बरसीला."

"वर्षातून एकदा."

"तुम्हाला तर तेही नाही," हुस्नबानू म्हणाल्या. "यायचं मात्र दर वर्षी. वास घ्यायला बंदी नाही ना?"

"डॉक्टरांना विचारलेलं नाही."

"विचारू नका."

ज्ञानदेवांनी पाणी संपवलं. आत अफशीन संध्याकाळसाठी वाटाण्याच्या टिक्क्या डब्यात भरत होती, थरांमध्ये बटर पेपर घालून. शहेजाद गाडीची किल्ली शोधत होता.

"आणि तुमच्यानंतर?" ज्ञानदेवांनी विचारलं. या वयाची माणसं एकमेकांना असे प्रश्न सरळ विचारू शकतात.

"माझ्यानंतर माझी बरसी." हुस्नबानूंनी वड्यांचा डबा उघडला, एक वडी मोडून पाहिली आणि मऊ बाजूचा तुकडा तोंडात टाकला. "त्या दिवशी वाटाण्याचं मांडा म्हणावं. दाढा दोनच आहेत, मला तेच चावतं."

आतून शहेजादने विचारलं, चीज कुठे ठेवलंय. फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात, असं त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं आणि ज्ञानदेवांना आणखी पाणी आणायला त्या उठल्या.